‘तिथं गेल्यावर बघू’ म्हणतायत? मग तिकीट अजून काढू नकोस

पत्र थोडक्यात असं आहे:

“ताई, मी पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करतेय, पहिलं वर्ष संपत आलंय. सुट्टीत दहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळालीये, दुसऱ्या देशातल्या एका रिसर्च संस्थेत, विषय गरोदरपणातलं हाय बीपी. माझे गाईड म्हणतात प्रश्नावली इथूनच करून ने, तिथं 300 सब्जेक्ट्सचा सर्व्हे कर, बाकी तिथं गेल्यावर बघू. मला तिथली भाषा येत नाही. तिथल्या टीमने मेलमध्ये विचारलंय की बायकांचं बीपी पण तूच मोजशील का. फेलोशिपमधून फक्त विमानाचं तिकीट निघतंय. पेपर निघाला तर पुढे पीएचडीला उपयोग होईल एवढीच माझी इच्छा आहे. जाऊ का? आणि पेपरवर पहिलं नाव माझंच येईल ना?”

जा. पण हा प्लॅन घेऊन जाऊ नकोस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी त्या ‘तिथं गेल्यावर बघू’पाशीच थांबले. चल आधी हिशोब करू. दहा आठवडे म्हणजे कामाचे 50 दिवस. पहिला आठवडा ओळखी, कागदपत्रं, कोणाकडून कशाची सही घ्यायची यातच संपतो. मग प्रश्नावलीचं भाषांतर, मग ते भाषांतर दुसऱ्याच माणसाला देऊन मूळ न दाखवता परत उलट भाषांतर करून घ्यायचं, दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघायचं, दहाबारा बायकांसोबत पायलट म्हणजे छोटी चाचणी, त्यात जे चुकतं ते दुरुस्त करायचं, ह्याला दोन आठवडे धर. शेवटचे दोन डेटा साफ करायला आणि टीमला दाखवायला. उरले पाच आठवडे, 25 दिवस. एका मुलाखतीला संमती घेण्यासकट तास जातो, मधे वाट बघणं असतं, बाई घरी नसते, बाळ रडायला लागतं, दिवसाला चार झाल्या तरी खूप झाल्या. 25 गुणिले 4 म्हणजे 100. तीनशे नाही गं होत. आणि हे शंभरसुद्धा कधी, तर एथिक्सची, म्हणजे रिसर्च सहभागी लोकांसाठी योग्य आहे ना हे तपासणाऱ्या कमिटीची, मंजुरी विमानात बसायच्या आधी तुझ्या हातात असेल तर.

मंजुरीबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही, त्यामुळे ते जरा नीट सांगते. तुझ्या युनिव्हर्सिटीच्या एथिक्स कमिटीने होकार दिला म्हणजे काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं, जिथं रिसर्च होणार तिथल्या कमिटीची मंजुरी वेगळी लागते, तुझ्या कमिटीने सूट दिली असली तरी लागते. काही देशांत त्याच्यावर आणखी एक सरकारी परवाना असतो, केनियात नॅकोस्टीचा, युगांडात यूएनसीएसटीचा, टांझानियात कॉस्टेकचा. ह्या सगळ्याला आठवडे जातात, कधी महिने. त्यामुळे नवा प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, करून दहा आठवड्यांत बसवायचा विचार सोडूनच दे. आणि व्हिसा कुठल्या प्रकारचा लागतो ते त्या संस्थेलाच लेखी विचार, टुरिस्ट व्हिसावर जाऊन मुलाखती घेणं हा नियमभंग असू शकतो आणि त्याचा त्रास तुझ्याइतकाच त्या संस्थेलाही होतो.

मग जायचं कशाला? तर त्यांच्या चालू कामातला एक तुकडा उचलायला. त्या टीमचा हाय बीपीवरचा प्रोजेक्ट आधीच चालू असणार, नाहीतर त्यांनी तुला घेतलंच नसतं. त्यांना विचार की तुमच्याकडे असं काय पडून आहे जे करायला कोणाला वेळ मिळत नाहीये. मी पैजेवर सांगते, काहीतरी निघतंच. तपासणीच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक भेटीला बीपी लिहिलंय का, आणि जिथं 140/90 च्या वर लिहिलंय तिथं पुढे त्या बाईचं काय केलं, औषध दिलं, परत बोलावलं, मोठ्या दवाखान्यात पाठवलं की नुसतंच लिहून ठेवलं, एवढा एकच प्रश्न घेतलास तरी दहा आठवड्यांचं भरगच्च काम आहे, आणि उत्तर त्या दवाखान्याला दुसऱ्या दिवशी वापरता येईल. किंवा त्यांनी आधी गोळा केलेला डेटा असेल, त्याचं साफसफाईचं आणि कोडबुकचं, म्हणजे कुठल्या आकड्याचा काय अर्थ ते लिहून ठेवायचं, काम कोणी हातात घेत नाही, ते तू घे. मुलाखतींचाच हट्ट असेल तर बारा-पंधरा सविस्तर मुलाखती, त्यांच्याच मंजूर प्रोटोकॉलखाली, तिथल्या रिसर्चरने घेतलेल्या. तेही कमी समजू नकोस, तासाभराचं रेकॉर्डिंग नुसतं उतरवून काढायला चार ते सहा तास लागतात, भाषांतर वेगळं. यातलं काहीही घेतलंस तरी तुझं नाव प्रोटोकॉलमध्ये टाकून घ्यावं लागेल, त्याला अमेंडमेंट म्हणतात, ती आत्तापासून सुरू करायला सांग. नवीन मंजुरीपेक्षा ती साधारणपणे लवकर होते.

आता बीपी मोजायचं. ह्यावर मी जरा जास्तच बोलणारे.

बीपी मोजणं सोपं वाटतं, पट्टा बांधला, बटण दाबलं, आकडा आला. पण बाई पाच मिनिटं शांत बसलेली हवी, पाठीला आधार हवा, दंड हृदयाच्या पातळीला, पट्टा दंडाच्या मापाचा, आणि एकदा नाही दोनदा मोजायचं. त्यात गरोदर बायकांसाठी मशीन वेगळं तपासलेलं लागतं, कारण कितीतरी ऑटोमॅटिक मशिनं प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणाऱ्या गंभीर आजारात, खरं आहे त्यापेक्षा कमी आकडा दाखवतात. हे सगळं शिकता येतं, दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये येतं. माझी काळजी त्याच्या पुढची आहे. समज तू एका घरी गेलीस, आठवा महिना आहे, बाईचं डोकं सकाळपासून दुखतंय, आणि आकडा आला 160/110. पंधरा मिनिटांनी परत घेतलास, तेवढाच. ही इमर्जन्सी आहे, तिला तासाभरात औषध मिळायला हवं. तू काय करशील? फोन कुणाला? नंबर आहे? गाडी कोणाची? पैसे कोण देणार? तिची सासू नाही म्हणाली तर तिच्याशी कोण बोलणार, तुला तर भाषाच येत नाही. फॉर्मवर आकडा लिहून पुढच्या घरी जाणार का?

ह्या प्रश्नांची उत्तरं कागदावर असल्याशिवाय एकही पट्टा कुणाच्या दंडाला बांधू नकोस. रेफरलचा कागद म्हणतात त्याला, त्यात आकडा किती आला की काय करायचं, कोणाला कळवायचं, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, रात्र असेल तर काय, हे नावानिशी असतं. तो कागद टीमकडे तयार असेल आणि सोबत तिथली नर्स असेल तर ट्रेनिंग घेऊन तिच्या हाताखाली मोज, खुशाल मोज. नसेल तर नम्रपणे सांग की माझं क्लिनिकल ट्रेनिंग झालेलं नाही, मी हे करणार नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून हो म्हणू नकोस. एक कसोटी वापरत जा, जे काम तुला तुझ्या स्वतःच्या देशात करायची परवानगी नाही ते दुसऱ्या देशात गेल्यावर आपोआप मिळत नाही. 2010 साली ग्लोबल हेल्थ ट्रेनिंगसाठी ‘वेट’ नावाच्या गटाने एथिक्सच्या गाईडलाइन्स काढल्या, त्यातही हेच आहे की आपली पात्रता जेवढी तेवढंच करायचं आणि विद्यार्थ्याला सांभाळण्यात यजमान संस्थेवर जो भार पडतो तो पाठवणाऱ्यांनीही उचलायचा. तुझ्या गाईडना त्या वाचायला पाठव, वाईट नाही वाटणार त्यांना.

अजून एक, आणि हे रागावून नाही सांगत. ‘300 सब्जेक्ट्स’ हा शब्द सोड. माणसांवरच्या मेडिकल रिसर्चच्या नीतिनियमांचा 1964 चा हेलसिंकी जाहीरनामा आहे, त्यात तोच शब्द होता आणि साठ वर्षं तसाच राहिला, 2024 ला नवी आवृत्ती आली तेव्हा तो बदलून पार्टिसिपंट्स केला, म्हणजे सहभागी. शब्द बदलला की आपोआप सगळं सुधारतं असं मी म्हणत नाहीये, पण ‘सहभागी’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप तोंडात येतो की मग ह्यात तिचा सहभाग नेमका कशात आहे, तिला ह्यातून काय मिळणार. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी 2017 मध्ये रिसर्चर्ससाठी स्वतःची आचारसंहिता काढली, कारण वर्षानुवर्षं लोक येऊन माहिती, फोटो, रक्ताचे नमुने घेऊन गेले आणि परत फिरकले नाहीत. ह्या प्रकाराला पॅराशूट रिसर्च म्हणतात, वरून उतरायचं, डेटा उचलायचा, निघायचं. तुझ्या गाईडच्या मनात तसं काही नसेलही, पण घरून केलेली प्रश्नावली, दहा आठवडे, न येणारी भाषा आणि शेवटी तुझा पेपर, ह्या चार गोष्टी एकत्र ठेवून बघ, बाहेरून ते तसंच दिसतं.

भाषेचं मी माझ्या अनुभवावरून सांगते. मी पण तुझ्यासारखीच गेले होते, प्रश्नावली घेऊन, आणि त्यात एक प्रश्न होता की दवाखान्यात पोचायला उशीर होण्यामागे काय कारणं होती. भाषांतरात त्याचं झालं ‘तू उशिरा का आलीस’. बायका गप्प व्हायच्या, काही जणी माफी मागायच्या, मला वाटायचं लाजतायत. सव्वा महिना गेला. मग एके दिवशी जेवताना तिथली मुलाखती घेणारी मुलगी सहज म्हणाली की हा प्रश्न विचारायला मला पहिल्या दिवसापासून नको वाटतं, कारण त्यांना वाटतं आपण त्यांना दोष देतोय. पहिल्या दिवसापासून! तिला माहीत होतं आणि मी तिला कधी विचारलंच नव्हतं, संस्थेतही कोणी तिला विचारायची पद्धत नव्हती. साठच्या वर फॉर्मांतलं ते उत्तर आम्हाला टाकून द्यावं लागलं. पण त्या फॉर्मांपेक्षा मला अजून त्या बायकाच आठवतात ज्यांनी माझी माफी मागितली, त्यांच्यातल्या दोघींचं बाळ गेलेलं होतं.

म्हणून तुला सांगते, तिथं पोचल्यावर पहिल्या आठवड्यात प्रोफेसरांच्या आधी फील्डवर्करांसोबत बस. प्रत्येक प्रश्न त्यांना मोठ्याने वाचायला सांग, मग विचार की हे ऐकून बाईला काय वाटेल. निघायच्या आधी भाषेची शंभर-दोनशे वाक्यं शिक, नमस्कार, माफ करा, मी विद्यार्थी आहे, मला भाषा नीट येत नाही, तुम्हाला थांबायचं असेल तर थांबू. मुलाखत घेण्यापुरती भाषा यायची नाही, पण समोरच्या माणसाकडे बघून बोलता येईल, सगळं दुभाष्याकडे बघून बोलावं लागणार नाही.

पेपरचं. पहिलं नाव येईल का हे मी सांगू शकत नाही आणि तुझे गाईडही आत्ता सांगू शकत नाहीत, पण कोणाचं नाव कधी येतं ह्याचे नियम आहेत. मेडिकल जर्नल्सच्या संपादकांची आयसीएमजेई नावाची समिती आहे, तिच्या चार अटी आहेत आणि चारही पाळाव्या लागतात: कामाच्या आखणीत, डेटा मिळवण्यात किंवा त्याचा अर्थ लावण्यात खरा वाटा हवा, पेपर लिहिण्यात किंवा त्यात महत्त्वाचे बदल करण्यात वाटा हवा, शेवटच्या मसुद्याला मंजुरी द्यायची आणि पूर्ण कामाची जबाबदारी घ्यायची. आता ह्या अटी तुझ्यापुरत्या नको, त्या मुलाखती घेणाऱ्या मुलीलाही लावून बघ. डेटा मिळवण्यात तिचा वाटा तुझ्याहून मोठा असेल, मग मसुदा तिला वाचायला दिला का, तिला बोलायची संधी दिली का? बऱ्याचदा संधी न देताच नंतर म्हणतात की तिने लिहिण्यात भाग घेतला नाही. असं तुझ्या हातून होऊ देऊ नकोस. कोण काय करणार आणि नावं कशी लागणार हे सगळ्यांनी मिळून एका पानावर लिहून घ्या, कामाच्या आधी, नंतर सगळ्यांनाच बोलायला जड जातं.

तुझ्याच विषयातलं एक सांगते. मॅग्नेशियम सल्फेटने प्रीएक्लॅम्प्सियातल्या बायकांना फिट येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो हे पक्कं झालं ते 2002 च्या मॅगपाय ट्रायलमधून, 33 देश होते त्यात आणि दहा हजारांवर बायका. पेपर आला तो त्या ट्रायलच्या ग्रुपच्या नावाने. कुठल्यातरी दवाखान्यात रात्री कोणीतरी तो फॉर्म नीट भरला म्हणून ते उत्तर मिळालं. पीएचडीच्या मुलाखतीत तुला विचारतील ना, तेव्हा ‘माझा पेपर आहे’ यापेक्षा ‘मी ह्या प्रोजेक्टमध्ये रेफरलच्या नोंदींचा हा भाग केला, त्यात हे सापडलं, हे चुकलं, असं दुरुस्त केलं’ हे जास्त वजनदार वाटतं. मी अशा मुलाखती घ्यायला बसलेय म्हणून सांगते.

डेटाचंही लगेच विचारून ठेव. तो कोणाच्या सर्व्हरवर राहणार, परत आल्यावर तुला बघता येणार का, त्याला करार लागतो का. रेडकॅप किंवा ओडीके ही डेटा गोळा करायची सॉफ्टवेअर वापरत असतील तर घरूनच शिकून जा, ओडीके नेटवर्क नसतानाही फोनवर चालतं. बायकांची नावं असलेली फाईल तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर नको म्हणजे नकोच. आणि फील्डवरचे बायका-बाळांचे फोटो सोशल मीडियावर टाकू नकोस, त्यांनी हो म्हटलं तरी.

पैशांचं. तिकीट मिळालं म्हणजे खर्च भागला असं नाही. व्हिसा, परवान्याची फी, लशी, गोळ्या, दहा आठवड्यांचं भाडं, रोजचा प्रवास, आणि इन्शुरन्स, तोही असा ज्यात आजारी पडल्यावर तिथून हलवायचा खर्च धरलेला आहे. हे सगळं मांड आणि डिपार्टमेंटला आकडा लिहून दे. मागायला लाजू नकोस. डब्ल्यूएचओसारख्या संघटनेतसुद्धा इंटर्न वर्षानुवर्षं स्वतःच्या खर्चाने राबत होते, ज्यांच्या घरी पैसा त्यांनाच जाता यायचं, इंटर्न्सनी आवाज उठवला, 2018 मध्ये ठराव झाला आणि 2020 पासून तिथं भत्ता मिळायला लागला. मागितल्यावर मिळालं ते. कर्ज काढून मात्र जाऊ नकोस. पैसे नाहीच जमले तर त्याच टीमसोबत घरून डेटाचं काम कर, तेही खरंच काम आहे आणि त्यांना जागाही द्यावी लागत नाही.

तब्येतीचं पटकन. ट्रॅव्हल क्लिनिकला किमान सहा आठवडे आधी जा. यलो फीव्हरची लस लागत असेल तर सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, एकदा घेतली की जन्मभर चालतं. मलेरियाचा भाग असेल तर गोळ्या परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात, डॉक्सीसायक्लिन असेल तर पुढे चार आठवडे, लोक विमानातून उतरले की बंद करतात आणि मग ताप येतो. रेबीजच्या आधीच्या डोसबद्दल विचार. आणि सगळ्यात जास्त जपायचं ते रस्त्यावर, रात्रीचा प्रवास टाळ, दुचाकीवर हेल्मेटशिवाय बसू नकोस, सीटबेल्ट नसलेल्या गाडीला नाही म्हण. तिथं अडचण आली तर तुझ्याच शहरात असलेलं, फोन उचलणारं एक माणूस हवं, गाईडव्यतिरिक्त, त्याचं नाव आधी मिळव. एकटेपणा येतो, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बऱ्याच जणांना येतो, त्यासाठी घरच्यांशी बोलायची वेळ ठरवून ठेव.

आज संध्याकाळी गाईडना आणि तिथल्या टीमला, दोघांना एकाच मेलमध्ये, हे लिही: “दहा आठवड्यांत 300 मुलाखती होतील असं मला वाटत नाही, सोबत हिशोब जोडलाय. तुमच्या चालू प्रोजेक्टमधला कुठला भाग मी केला तर तुम्हाला उपयोग होईल? त्याच्या मंजुरीत माझं नाव घालायला किती वेळ लागेल? तिथं रोज मला कोण मार्गदर्शन करेल? बीपी मोजताना आकडा जास्त आला तर रेफरल कसं होतं, तो कागद मला पाठवाल का?” बस, एवढंच. दोन आठवडे उत्तराची वाट बघ. तिथल्या टीमकडून नीट उत्तर आलं तर तिकीट काढ, गाईड थोडे नाराज झाले तरी काढ. तिकडूनही ‘या तर खरं, बघू’ एवढंच आलं तर ह्या वर्षी जाऊ नकोस, मंजुरीची प्रक्रिया सुरू करून पुढच्या वर्षी जा, फेलोशिपवाल्यांना पुढे ढकलता येईल का विचार, विचारल्याशिवाय नाही समजू नकोस.

आणि गेलीस तर शेवटचा आठवडा मुलाखतींना देऊ नकोस, कितीही राहिल्या असल्या तरी. त्या आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सना बसवून त्यांच्या भाषेत, एका पानावर, काय सापडलं ते दाखव, ते पान फील्डवर्करांपैकी कोणालातरी वाचायला दे, आणि त्यांनी ‘हे चूक आहे’ म्हटलेलं सगळं लिहून घे.